चाळीसगावात पाहुण्यांना दोन दिवस काय दाखवावं?

तितूरकाठ
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या सासरची माणसं पहिल्यांदाच माझ्या माहेरी, चाळीसगावला येताहेत. सासू-सासरे सत्तरीच्या आसपासचे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. नणंद, तिचे यजमान आणि त्यांची दोन मुलं, एक सातवीत आणि एक तिसरीत. मुक्काम दोन रात्रींचा, गाडी दारात आहे.

नणंदेला ऑफिसात कुणीतरी म्हणालं, "चाळीसगाव? तिथे गाडी बदलतात, उतरत नाहीत." मला ते लागलं. गाव लहान आहे, गिरणी बंद पडल्यावर रया गेली हेही खरं. पण बघण्यासारखं काही नाही असं कुणी म्हटलं की गप्प बसवत नाही. पाटणादेवी तर ठरलेलीच आहे. त्यापलीकडे काय दाखवू? आणि कोणत्या क्रमाने? गावातल्या आणि गावाबाहेर गेलेल्या सगळ्यांनी लिहा.

शेवभाजी
या मंग आम्हना गावले! पहिल्या दिवशी रात्री शेवभाजी, दुसऱ्या दिवशी भरीत. बाकी बेत मधल्या वेळेत बसवा.

दगडधोंडे
पाटणादेवी "ठरलेलीच" आहे म्हणालात म्हणून आधी त्यावरच लिहितो. बहुतेक लोक देवीचं दर्शन घेतात, नारळ फोडतात, डबा खातात आणि परत फिरतात. पाटण हे यादवांच्या काळातलं नांदतं गाव होतं, निकुंभ घराण्याच्या सामंतांचं ठाणं. देवीच्या अलीकडे महादेवाचं हेमाडपंती देऊळ आहे, बाराव्या शतकातलं, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचं. तिथे किमान तासभर द्या. बाहेरच्या भिंतीला इतके कोन काढले आहेत की सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक कोनाची सावली शेजारच्या दगडावर पडते आणि कोरीवकाम उठून दिसतं. दुपारी बारा वाजता तेच देऊळ सपाट वाटतं. म्हणून सकाळी लवकर जा.

आसपासच्या डोंगरात नागार्जुन कोठडी, सीता न्हाणी आणि शृंगार चावडी ही लेणी आहेत. वर कन्हेरगड. मुलांना नागार्जुन कोठडीपर्यंत नेता येईल, ते जैन लेणं आहे. सासूबाईंना देवळाच्या आवारात बसवा, तिथे सावली असते.

आणि देवीच्या देवळातला, गणिती भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख. तो न बघता परतलात तर पाटण बघितलंच नाही असं मी म्हणेन.

मनमाड_जंक्शन
चाळीसगावपासून पाटणादेवी किती लांब? आम्ही नेहमी खिडकीतूनच चाळीसगाव बघितलंय.

शेवभाजी
१८ किलोमीटर. पुढच्या वेळी उतरा भो.

कॅमेरावाली
छायाचित्रकार केकी मूस यांचं नाव अजून कुणीच कसं घेतलं नाही? स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या जवळ त्यांचा बंगला आहे, आता तिथे त्यांचं कलादालन आहे. माझ्या मते गावातली पहिली बघायची जागा हीच.

केकी मूस पारशी कुटुंबातले, जन्म १९१२ चा, मुंबईत. विलायतेत कलेचं शिक्षण घेऊन परत आले आणि चाळीसगावच्या त्या घरात जे राहिले ते १९८९ च्या ३१ डिसेंबरला गेले तोपर्यंत. घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. पण त्या घरातून काढलेल्या छायाचित्रांना देशविदेशातली शेकड्याने बक्षिसं मिळाली. त्यांची खासियत टेबलटॉप फोटोग्राफी. मेजावर छोट्या छोट्या वस्तू मांडायच्या, उजेड आणि सावली जुळवायची आणि फोटो असा घ्यायचा की बघणाऱ्याला ते खरोखरचं रान किंवा खरोखरची वाट वाटावी. संगणक नाही, फिल्मवर काढून अंधारखोलीत स्वतः धुतलेले फोटो.

मुलांसाठी ही जागा फार चांगली आहे. त्यांना आधी फोटो बघू द्या, कशाचा आहे ते ओळखायला सांगा आणि मग तो मेजावर मांडून काढलाय हे सांगा. आमच्या भाचीने घरी येऊन डाळीच्या दाण्यांचा डोंगर केला आणि मोबाइलवर दुपारभर फोटो काढत बसली होती. शिल्पं, चित्रं, कागदाच्या घड्यांचं काम, जुन्या वस्तूंचा संग्रह हे सगळं तिथे आहे. पायऱ्यांचा फारसा त्रास नाही, आजी-आजोबाही निवांत बघू शकतात. जायच्या आधी वेळ विचारून घ्या, अशा छोट्या दालनांच्या वेळा बदलतात.

पंजाबमेल
कॅमेरावाली, ती गोष्ट का नाही सांगितलीत? तरुणपणी एका मुलीने त्यांना वचन दिलं होतं की मी एक दिवस पंजाब मेलने येईन आणि आपण सोबत जेवू. ते रोज रात्री गाडीच्या वेळेला दार उघडं ठेवून, फुलं मांडून, दोघांचं ताट वाढून वाट बघायचे. गाडी निघून गेली की जेवायचे. आमच्या वडिलांच्या पिढीला हे सगळं ठाऊक होतं.

योगायोग बघा, पंजाब मेल सुरू झाली १ जून १९१२ ला आणि मूससाहेब जन्मले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात.

कॅमेरावाली
मुद्दाम नाही सांगितली. प्रत्येक लेखात तेवढीच एक गोष्ट असते आणि कामाबद्दल दोन ओळी. गावाने त्यांना "वाट बघणारा म्हातारा" करून ठेवलंय. त्यांची प्रकाशयोजना, एकेका चित्रामागची मेहनत यावर कुणी बोलत नाही. पाहुण्यांना गोष्ट सांगा, पण भिंतीवरचं काम बघून झाल्यावर.

पंजाबमेल
इथे माझं मत वेगळं आहे. गोष्टीमुळेच माणसं त्या दारापर्यंत जातात. माझे आजोबा स्टेशनवर पोर्टर होते. त्यांना छायाचित्रणातलं काही कळत नव्हतं, पण त्या घराबद्दल त्यांना माया होती ती या गोष्टीमुळे. ती माया गावात टिकली म्हणून बंगला आज उभा आहे.

तितूरकाठ
दोघांचंही पटतंय. सासरे रेल्वेत होते, त्यांना पंजाब मेलची गोष्ट नक्की आवडेल. तेव्हा दालन आणि गोष्ट दोन्ही.

दगडधोंडे, शिलालेखाबद्दल जरा सविस्तर लिहा ना. मोठा भाचा गणितात हुशार आहे आणि भास्कराचार्यांचं नाव त्याने शाळेत ऐकलंय. त्याला काय सांगू?

दगडधोंडे
आनंदाने.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. १२व्या शतकाच्या मध्याला, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. लीलावती हा त्यातला अंकगणिताचा भाग. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याला यादव राजा जैत्रपालाने दरबारी बोलावून नेलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. (तापी-पूर्णेच्या संगमावरचे योगी चांगदेव वेगळे.) या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला. निकुंभ सामंत सोइदेव आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी मठाला दान दिलं. सुमारे १२०७ मधला हा लेख. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला आणि भास्कराचार्यांची वंशावळ जगाला कळली.

म्हणजे भाच्याला सांगायचं ते असं: तू ज्या दगडासमोर उभा आहेस तो आठशे वर्षांपूर्वीच्या गणिताच्या शाळेचा स्थापनालेख आहे. आजोबांची पुस्तकं नातवाने लोकांना शिकवायची ठरवली आणि त्या शाळेचा खर्च कुठून येणार तेही दगडावर लिहून ठेवलं.

शून्य
एक शंका. भास्कराचार्य विजापूरचे होते असंही वाचलंय. मग पाटणचे कसे?

दगडधोंडे
ते स्वतः आपल्या गावाचं नाव विज्जडविड सांगतात आणि ते सह्य पर्वताच्या आश्रयाला असल्याचं सांगतात. विज्जडविड म्हणजे विजापूर असं काही अभ्यासक मानतात, तर काही ते याच डोंगरात, पाटणच्या आसपास शोधतात. विजापूर सह्याद्रीपासून बरंच लांब पडतं, म्हणून माझा कल पाटणकडे आहे. जन्मगावाचा वाद चालू राहू द्या. मठ पाटणला होता, नातवाने काढला होता, याबद्दल वाद नाही. पाहुण्यांना तेवढंच सांगावं.

शून्य
खर्च कुठून येणार हे लिहिलंय म्हणालात. काय लिहिलंय?

दगडधोंडे
लेखाचा वरचा भाग संस्कृतात आहे आणि शेवटचा, दानाचा तपशील जुन्या मराठीत. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो कर मिळायचा तो मठाला दिला. आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येक घाण्यामागे एक एक पळी तेल मठाला. राजाची स्तुती संस्कृतात, पण घाणेवाल्याने किती पळ्या द्यायच्या हे त्याला कळेल अशा भाषेत. जुन्या मराठीच्या अभ्यासात हा लेख हटकून येतो.

शून्य
पळी तेल! रात्री दिवे लावून शिकत असणार. हे मला माहीतच नव्हतं. उन्हाळ्यात मुलांना घेऊन जातोच.

रातपाळी
सगळे आठशे वर्षांपूर्वीचं सांगताहेत, छान आहे. पण ज्या गिरणीमुळे हे गाव वाढलं तिचं काय? धाग्यात ताईंनी एका वाक्यात "रया गेली" म्हटलं आणि पुढे गेल्या.

चाळीसगाव श्री लक्ष्मीनारायण मिल. वडील साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, होते. भोंगा झाला की अख्ख्या गावाची घड्याळं लागायची. शाळेत जाताना पहिल्या पाळीची माणसं डबे घेऊन जाताना दिसायची, केसांवर, भुवयांवर कापसाचे तंतू बसलेले. आई वडिलांचा सदरा अंगणात झटकल्याशिवाय घरात घ्यायची नाही.

गिरणी इथेच का निघाली याचं कारण डोळ्यांसमोर आहे. गिरणेच्या खोऱ्यातली काळी जमीन, म्हणजे कापूस. आणि मुंबईच्या मुख्य मार्गावरचं स्टेशन, १९०० साली धुळ्याचा फाटा निघाल्यावर जंक्शन झालेलं. कापूस बैलगाड्यांनी जिनमध्ये यायचा, सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी दाबल्या जायच्या. कोळसा रेल्वेने यायचा, कापड रेल्वेने जायचं. १९७४ च्या कायद्याने देशातल्या १०३ आजारी गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या, त्यात ही एक होती. पुढे ती बंद पडली.

पाहुण्यांना त्या भागातून गाडी हळू नेऊन दाखवा आणि हे सांगा. पाटणच्या घाण्यांची पळी सांगता येते तर साचेखातंही सांगता आलं पाहिजे.

मोगरा
रातपाळी, भावना समजते, पण मी नाही नेणार. माझ्या माहेरी दोन भाऊ गिरणीत होते. पाहुणे चार घटका आनंदात घालवायला येतात, त्यांना बंद दार काय दाखवायचं? माझ्या भावांनाही आवडलं नसतं कुणी त्यांच्या गिरणीकडे बोट दाखवून हळहळलेलं.

रातपाळी
हळहळायला कुणी सांगितलं? साच्यावर काम करणं हे कौशल्य होतं. वडील नुसत्या आवाजावरून सांगायचे कुठल्या साच्यावर धागा तुटलाय. हवा कोरडी असली की सूत जास्त तुटतं, म्हणून विणण्याच्या खात्यात पाण्याचे फवारे मारून हवा दमट ठेवायचे. मेमधला खान्देश आणि आत ती दमट, वाफाळलेली हवा. आठ तास. हे सांगायचं, अभिमानाने.

कॅमेरावाली
गिरणीच्या करवती छपराबद्दलही सांगा मुलांना. तिरप्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवतात. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, थेट ऊन येत नाही. चित्रकाराच्या खोलीतही उत्तरेचाच उजेड चांगला मानतात. मूससाहेबांच्या खोलीतून निघून गिरणीकडे गेलं तर हा धागा छान जुळतो.

मोगरा
रातपाळी, तुम्ही सांगता तसं सांगणार असाल तर ऐकायला मीही येईन. पण सांगणारं माणूस हवं. नुसत्या भिंती दाखवायला माझा अजून विरोधच आहे.

रातपाळी
तितूरकाठ, तारीख कळवा. मी गावातच असतो. जुन्या कामगारांपैकी एक-दोन जण संध्याकाळी पारावर बसतात, पाहुण्यांची भेट घालून देईन.

घाटवाट
आता लेण्यांबद्दल. कुणीतरी पितळखोऱ्याचं नाव काढेलच म्हणून आधीच लिहितो. पितळखोरे लेणी सातमाळ्याच्या कड्यात आहेत, पाटणादेवीच्या वरच्या बाजूला, पण तालुका कन्नड. इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची. अजिंठ्याची सर्वात जुनी लेणी त्याच काळातली. आणि गर्दी जवळजवळ नाही.

जायच्या वाटा दोन. एक पाटणादेवीच्या जंगलातून चढून. दुसरी गाडीने औट्रम घाट, म्हणजे आपला कन्नड घाट, चढून पठारावर यायचं आणि कालीमठाच्या बाजूने जायचं. लेणी पठाराच्या खाली घळीत आहेत, त्यामुळे गाडीने गेलात तरी पायऱ्या उतरून जावं लागतं आणि परत चढावं लागतं. ताई, सासूबाईंना नेऊ नका. बाकीच्यांना जरूर न्या.

बघायचं काय? विहाराच्या जोत्यावर हत्तींची ओळ, समोरून बघतात आपल्याकडे. दाराशी भाला-ढाल घेतलेले द्वारपाल. जिन्याजवळ पाच फण्यांचा नाग कोरलाय. मागच्या कातळात पाण्याची नाळ खोदून त्या नागातून पाणी पडावं अशी सोय केलेली आहे. मुलं त्या नागाजवळून हलत नाहीत. चैत्यगृहाच्या खांबांवर रंगवलेली चित्रं पुसट दिसतात.

घाटाची काळजी नको. ऑगस्ट २०२३ पासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना घाटात बंदी आहे. पूर्वी इथे रात्र रात्र कोंडी व्हायची, ती आता नाही.

दगडधोंडे
घाटवाट यांनी छान लिहिलंय. थोडी भर. पितळखोऱ्याचा यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, ढेरपोट्या, डोक्यावर पसरट भांडं धरलेला आणि तोंडभर हसणारा. त्याच्या हातावर करणाऱ्याचं नाव कोरलंय: कान्हदास, सोनार. दगडावर काम करणारा सोनार! म्हणूनच त्या यक्षाच्या गळ्यातले दागिने इतके नेटके आहेत असं मला वाटतं. देणगीदारांच्या लेखांत पैठणचा एक अत्तरवाला आहे आणि मगिल नावाच्या राजवैद्याचं कुटुंब आहे. निघण्यापूर्वी मुलांना त्या यक्षाचा फोटो मोबाइलवर दाखवा.

रानभूल
वाटेबद्दल कळकळीची विनंती. पाटणादेवीकडून चढणारी वाट गौताळा औट्रमघाट अभयारण्यातून जाते. १९८६ साली घोषित झालेलं अभयारण्य आहे, बिबट्या आहे. वनखात्याच्या नाक्यावर नोंद केल्याशिवाय आणि वाट माहीत असलेला माणूस सोबत असल्याशिवाय त्या वाटेने चढू नका. मुलं असताना तर नाहीच.

दुसरं, आग्या मोहोळ. पितळखोऱ्याच्या कड्याला पोळी असतात. अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका, ओरडू नका, दगड तर मुळीच मारू नका.

तिसरं, धवलतीर्थ आणि केदारकुंड हे धबधबे डिसेंबरात आटलेले असतात. पाहुण्यांना त्यांचं आमिष दाखवू नका. ते श्रावण-भाद्रपदात.

घाटवाट
सहमत, फक्त वाटेबद्दल इतकं भिववू नका लोकांना. आम्ही शाळेच्या सहलीत त्या वाटेने चढलोय, मास्तर होते बरोबर. डोंगर खालून चढून लेण्यांसमोर येण्यात जे आहे ते वरून पायऱ्या उतरण्यात नाही.

रानभूल
मास्तर होते म्हणजे वाट माहीत असलेला माणूस होता. मी तेच म्हणतेय.

मनमाड_जंक्शन
औट्रम हे नाव कुठून आलं?

घाटवाट
जेम्स औट्रम. १८२५ साली इंग्रजांनी खान्देशात भिल्ल पलटण उभारली, तिचा पहिला अधिकारी. त्याआधी या डोंगरातल्या भिल्लांनी इंग्रजी फौजांना बरीच वर्षं दाद दिली नव्हती. ज्यांनी डोंगर लढवला त्यांच्यातल्या कुणाचं नाव घाटाला नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं.

शेवभाजी
जेवणाचं कुणीच लिहीत नाही, मग मीच लिहितो. डिसेंबर म्हणजे भरताचे दिवस. हिरवी-पांढरी मोठी वांगी काडीकचऱ्याच्या नाहीतर तुरकाट्यांच्या जाळावर भाजायची, गॅसवर नाही. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. लाकडी बडगीत ठेचायचं. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाची. सासूबाईंना तिखट चालत नसेल तर मिरची वेगळी ठेचून ठेवा.

मोगरा
भरतात टोमॅटो घालणाऱ्यांच्या हॉटेलात मात्र नेऊ नका. घरीच करा.

शेवभाजी
आमच्या घरी थोडा घालतात.

मोगरा
म्हणूनच म्हटलं घरीच करा, पण तितूरकाठताईंच्या घरी. :)

पंजाबमेल
खापरावरचे मांडे कुणी विसरलं का? पाहुण्यांच्या समोर मांडा हातावर फिरवून मोठा करताना दाखवायचा. मुलांना कुठल्याही लेण्याइतकंच ते आवडतं.

गिरणाथडी
उशिरा आले. दोन जागा राहिल्या आहेत. एक वाघळी, रेल्वेनेच चाळीसगावच्या पुढचं गाव, तिथे मुधाईदेवीचं जुनं देऊळ आहे. दुसरं बहाळ, गिरणेच्या काठावर. १९५० च्या दशकात तिथे उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली. आणि वर भास्कराचार्यांच्या नातवाचं लिहिलंय ना, त्याच घराण्यातल्या अनंतदेवाचा १२२२ सालचा लेख बहाळला देवीच्या देवळात आहे. म्हणजे एका बाजूला पाटण, दुसऱ्या बाजूला बहाळ, आणि मध्ये आपलं गाव. एकाच घराण्यातल्या ज्योतिष्यांचे दोन लेख एका तालुक्यात.

दगडधोंडे
गिरणाथडी, मनापासून आभार. बहाळचं नाव सहसा कुणी घेत नाही. दोन दिवसांच्या बेतात ते बसणार नाही, पण भाचा गणितवेडा असेल तर पुढच्या वेळी नक्की.

अमीन_सा
गावात पीर मुसा कादरी बाबांचा दर्गा आहे, तोही दाखवा. उरुसाला तलवारीची मिरवणूक निघते तेव्हा सगळं गाव रस्त्यावर असतं, मानकऱ्यांत हिंदू घराणी आहेत. डिसेंबरात उरुस नसेल, पण दर्शन घ्यायला हरकत नाही. आमच्या अम्मीला पाटणादेवीचा प्रसाद येतो आणि शेजारच्या काकू उरुसाची रेवडी नेतात. पाहुण्यांना हेही गाव म्हणून कळू द्या.

मोगरा
+१. लहानपणी मिरवणूक बघायला आम्ही गच्चीवर जागा धरून बसायचो.

तितूरकाठ
किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! रात्री सगळं वाचून काढलं. कच्चा बेत असा:

पहिला दिवस सकाळी पाटण, आधी महादेवाचं देऊळ, मग देवी आणि शिलालेख. दुपारी घरी भरीत. संध्याकाळी केकी मूस दालन, त्यानंतर रातपाळीदादांबरोबर गिरणीचा भाग.
दुसरा दिवस नणंद, तिचे यजमान आणि मुलं घाटावरून पितळखोऱ्याला. सासू-सासरे दर्ग्याला आणि मग घरी, मांडे करायला आई बसणारच आहे.

एकच अडचण. पहिल्या दिवशी ते पहाटेच्या गाडीने उतरतील. लगेच पाटणला नेलं तर दमतील का?

दगडधोंडे
दमतील. पण सकाळचं ऊन सोडू नका. दिवस बदला. पहिल्या दिवशी उतरल्यावर आराम, उशिरा मूस दालन, संध्याकाळी गिरणी. दुसऱ्या दिवशी सहालाच निघून सगळे पाटणला. नऊपर्यंत देऊळ आणि लेख बघून होईल. तिथून सासू-सासरे एका गाडीने परत, बाकीचे दुसऱ्या गाडीने घाट चढून पितळखोऱ्याला. दुपारी दोनपर्यंत लेणी बघून होतात.

घाटवाट
दुसऱ्या गाडीत पाणी आणि खायला घेऊन जा, वर काही मिळेल असं धरून चालू नका. आणि सातवीतल्या मुलाला पाण्याची ती नाळ वरपर्यंत शोधायला लावा.

रातपाळी
पहिल्या दिवशीची संध्याकाळ मलाही सोयीची. पाच वाजता स्टेशनच्या बाहेर थांबतो. सासरे रेल्वेतले आहेत म्हणालात, धुळ्याच्या फाट्याबद्दल त्यांच्याकडून मला बरंच ऐकायचंय.

शेवभाजी
मग भरीत दुसऱ्या दिवशी रात्री. चालेल, वांगी बाजारच्या दिवशी घेऊन ठेवा.